सगळ्यांत वरचं पत्र

पनवेल, २ नोव्हेंबर १९९३

चि. डॅनियल यास विनायककाकाचा सलाम.

सोबतचा सायक्लोस्टाइल कागद सगळ्यांना जातो, तसा तुलाही पाठवला आहे. पण तुझ्या बाबतीत तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितो. तुझा पत्ता भुसावळच्या पाळकांकडून मिळवला. अजून रेल्वे कॉलनीतच आहेस हे कळलं.

२६ ते २८ नोव्हेंबर, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, आपल्या मंडळीचं संजीवन शिबिर कोन गावाच्या पुढे मिशनच्या आवारात भरणार आहे. भूकंपाच्या मदतीला आपली बरीच माणसं लातूरकडे गेली होती, म्हणून यंदा उशीर झाला. बत्तीस जण येणार आहेत आणि त्यांत तुझे अण्णा आहेत. पाच वर्षं मी तुळशीरामच्या मागे लागलो होतो. दर वेळी म्हणायचा, "मला तीन दिवस बसवून काय करणार? माझं इंजिन उघडलं तर परत बसवायला मेकॅनिक मिळायचा नाही." यंदा त्यानं स्वतःहून फॉर्म मागून घेतला.

या शिबिराची एक चाल आहे. तू मंडळीत होतास तेव्हा ती नव्हती. शनिवारी दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाच्या हातात एक कापडी पिशवी देतात. तीत त्याच्या घरच्यांची, मित्रांची, जुन्या शेजाऱ्यांची पत्रं असतात. त्याला आधी कशाचाच पत्ता नसतो. मग तासभर कुणी बोलायचं नाही. जो तो झाडाखाली, पायरीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसून आपली पत्रं वाचतो. हा पत्रविभाग सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. तहसील कचेरीत मी तेहतीस वर्षं लोकांना नोटिसा लिहिल्या. कागद हातात घेऊन माणूस आनंदानं रडतो हे मी पहिल्यांदा शिबिरात पाहिलं.

नियम दोनच आहेत. पत्रांची बातमी ज्याची पिशवी त्याला लागता कामा नये. आणि मुलांचं पत्र पिशवीत सगळ्यांत वर ठेवायचं.

तुझं पत्र २० तारखेच्या आत माझ्या पत्त्यावर यावं. मागे जे झालं त्याचा उल्लेख करायची गरज नाही. तब्येत, नोकरी, तिकडची हवा, एवढं लिहिलंस तरी पुष्कळ आहे. हदासला सलाम सांग.

तुझा,
विनायककाका


पनवेल, १८ नोव्हेंबर १९९३

चि. डॅनियल यास सलाम.

पत्र आलं नाही. टपालात गेलं असेल असं धरून चाललो आहे. सोबत जोडकार्ड पाठवतो. उत्तराच्या कार्डावर माझा पत्ता घालून ठेवला आहे. तू फक्त दोन ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं. सोमवारी टाकलंस तर शिबिराच्या आत मिळेल. २० तारीख मी तुझ्यापुरती पुढे ढकलली आहे.

अण्णांच्या पिशवीत आत्तापर्यंत सहा पत्रं आहेत. माझं, पाळकसाहेबांचं, एस.टी. डेपोतल्या तिघांचं, आणि ठमाबाईचं. ठमाबाई तुला माहीत नसेल. ती बेलपाड्याहून येते आणि त्यांचं जेवणखाण पाहते. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिनं सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. "लिवा. म्हातारबा, तुमी माज्या कालवनाला नावं ठेवता त्या आमी ऐकतो. पर तुमी जेवल्याबिगर आमाला घास उतरत नाय. आनि रविवारी येळंवर या, घराची चावी माज्याकडं नाय." यातला एक शब्दही माझा नाही. सांगितलेलं लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावानं आपल्या मनचं लिहिणं वेगळं. दर वर्षी मी हे नव्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवतो.

तू रागावलेला असशील तर ते मी समजू शकतो. हदास ज्यू, बेने इस्राएली घरातली, तिनं बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला, तुम्ही रजिस्टर लग्न केलंत, आणि मंडळीनं तुझं नाव यादीतून काढलं. याला दहा वर्षं झाली. पंचमंडळात तुझे अण्णा होते आणि चिटणीस मी होतो. तेव्हाचे नियम तसे होते.

पण एक गोष्ट तुला सांगतो. शिबिराच्या फॉर्मवर "मुले" असा एक रकाना आहे. अण्णांनी त्यात लिहिलं आहे, "एक. भुसावळ." दहा वर्षांत त्यांच्या हातून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा पाहिला.

विनायककाका


पनवेल, ५ डिसेंबर १९९३

चि. डॅनियल यास सलाम.

शिबिर चांगलं पार पडलं. आता पत्राची घाई नाही. तुला दोनदा त्रास दिला, तो मनावर घेऊ नको.

शनिवारी पिशवी हातात पडल्यावर अण्णा पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. तास संपल्याची घंटा झाली तरी उठेनात. मी बोलवायला गेलो. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. म्हणाले, "विनायक, तू हो पुढं. माझा चहा झाकून ठेव."

रविवारी साक्षीच्या वेळी उभे राहिले. तुला माहीत आहे, उपासनेत त्यांनी कधी तोंड उघडलेलं नाही. म्हणाले, "डेपोत मी छत्तीस वर्षं लोकांच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. माझी स्वतःची एक घरात बंद पडून होती. ती काल चालू झाली." एवढं बोलून खाली बसले. बायका रडल्या, पाळकसाहेबांना गीत सुरू करायला वेळ लागला. मी मागच्या दाराशी उभा होतो.

शिबिर तीन दिवसांत संपत नाही असं आम्ही म्हणतो. त्यानंतर पाच-पाच जणांचे गट पडतात आणि दर आठवड्याला सहभागितेला बसतात. अण्णा माझ्या गटात आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या पुढच्या खोलीत जमतो. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात प्रभू कुठं भेटला, आपण कुठं चुकलो, आणि कुणासाठी काय केलं. पहिल्याच गुरुवारी अण्णा अर्धा तास बोलले.

एक विनंती आहे. त्यांचं काही पत्रबित्र तुला आलं तर त्यातले काही संदर्भ तुला लागायचे नाहीत. वय झालं आहे. माणूस वाचलेलं आणि मनातलं एकत्र करतो. उलट काही विचारू नको.

विनायककाका


पनवेल, १४ जानेवारी १९९४

डॅनियल,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती.

२६ नोव्हेंबरला संध्याकाळी मी कोनच्या खोलीत बसून पिशव्या लावत होतो. बत्तीस पिशव्या. एकतीस पिशव्यांत वरचं पत्र मुलाचं होतं, मुलं नसतील तिथं आईचं नाहीतर भावाचं. अण्णांच्या पिशवीत सगळ्यांत वर ठमाबाईचं. दुसऱ्या दिवशी इतर सगळे पहिलं पत्र उघडतील आणि हा माणूस कालवणाची तक्रार वाचेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी कागद घेतला.

माझं शाईचं अक्षर त्यांना पाठ आहे, म्हणून बॉलपेननं लिहिलं. नेहमीच्या तिरप्या अक्षराला उभं केलं. काय लिहिलं ते तुला कळायला हवं, कारण खाली नाव तुझं आहे.

"अण्णा, पुष्कळ वर्षं झाली. मी रागात होतो, आता नाही. रुचिराच्या वेळचंही मी मनातून काढून टाकलं आहे. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांना मी माफ केलं. तुमची आठवण येते. दार उघडं आहे, केव्हाही या. तुमचा डॅनियल."

हे चूक आहे हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. मला वाटलं, तीन दिवसांपुरतं आहे, रविवारी संपेल.

पण ते संपलं नाही. अण्णा ते पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. नाताळात त्यांनी ते डेपोत नेऊन दाखवलं. तुला उत्तरं लिहिली, एक नाही दोन, आणि तुझा पत्ता माझ्याकडे म्हणून टपालात टाकायला माझ्याच हातात दिली. ती महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात होती. आज सोबत पाठवतो आहे. मी उघडलेली नाहीत.

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. तू त्यांना एक ओळ लिही. माफ केलं असं लिहू नको, तो तुझा प्रश्न आहे. "पत्र मिळालं" एवढं लिहिलंस तरी चालेल. त्यांच्या खिशात तुझ्या हातचं काहीतरी असलं म्हणजे मला माझं पत्र हळूच काढून घेता येईल.

विनायककाका


पनवेल, २२ फेब्रुवारी १९९४

डॅनियल,

तुला सकाळी तार केली. हे पत्र अण्णा तुझ्या दारात पोहोचल्यानंतर दोन दिवसांनी येणार हे मला दिसतं आहे, तरी लिहितो. बसवत नाही.

सकाळी सात वाजता ठमाबाई माझ्या दारात. "गेले म्हातारबा."

मी विचारलं, "कुठं?"

"कुटं म्हंजी? पोराकडं! इस्तरीचा सदरा घातला, सुक्या बोंबलांची पुरचुंडी बांधून घेतली न् पयल्या गाडीनं कल्यानला गेले. पोराला बोंबील आवडतान म्हनं. काल माज्याकडून चुलीवर भाजून घेतले, चार वेळा हुंगून बगितले."

"मला काही बोलले नाहीत ते."

"तुमाला कशाला बोलतील? पोरानं बोलावलंय त्यांना. तुमीच कागद आनून दिला ना?"

पत्ता त्यांनी माझ्या वहीतून उतरवून घेतला असणार. गेल्या गुरुवारी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलाशी उभे होते. मी आत पाणी आणायला गेलो होतो.

ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत. दिवसभर बसून येतील. त्यांना दारात काही विचारू नको. आत घे, पाणी दे. पत्राचा विषय त्यांनी काढला तर फक्त हो म्हण. जे बोलायचं आहे ते मला लिही, माझ्या दारात येऊन बोल, मंडळीला कळव. त्यांना दारात विचारू नको.

विनायककाका


पनवेल, २० मार्च १९९४

डॅनियल,

तुझा लखोटा मिळाला. आत अण्णांची दोन पत्रं होती, न उघडलेली. आणि मी तुझ्या नावानं लिहिलेलं पत्र. त्याच्या मागे तुझी एक ओळ: "खालची रेघ ओळखीची आहे."

मी पत्र उलटून पाहिलं. रेघ होती.

कचेरीत पहिल्या दिवशी हेडक्लार्कनं शिकवलं होतं, मजकूर संपला की खालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. तेव्हापासून हात आपोआप मारतो. त्या संध्याकाळी पेन बदललं, अक्षर बदललं आणि रेघ मारली. ऑगस्ट १९८५च्या कागदावरही ती आहे. तो कागद तू अजून जपून ठेवला असणार, आणि अण्णांसमोर टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले असणार.

तुला माहीत असलेलंच आता लिहितो, कारण मी ते कधीच लिहिलेलं नाही.

हदासचे आईवडील इस्रायलला जायला निघाले होते. त्यांना नात दाखवायला तुम्ही पनवेलला आला होता. रुचिरा आठ महिन्यांची होती. तापानं दोन दिवसांत गेली. सकाळी नऊ वाजता तू माझ्या दारात आलास आणि म्हणालास, "काका, आईच्या शेजारी दोन हात जागा द्या." शोभावहिनींच्या शेजारची जागा तुळशीरामसाठी राखलेली होती, त्यातलीच तू मागत होतास. मी काय म्हणालो तेही तुझ्या लक्षात असणार. मी म्हणालो, "अर्ज दे."

तू माझ्याच टेबलावर बसून अर्ज लिहिलास. दुपारी माझ्या पुढच्या खोलीत पंचांची सभा झाली. जिचा बाप्तिस्मा नाही आणि जिच्या बापाचं नाव यादीत नाही, तिला मंडळीच्या कबरस्तानात जागा देता येत नाही, हा नियम नऊ मी वाचून दाखवला. पाच हात वर गेले. तुळशीरामचा शेवटी आणि खांद्याच्या वर नाही. पण मी तो मोजला. उत्तर लिहिलं, जावक नंबर घातला, खाली रेघ मारली. तुम्ही तिला बर्फाच्या लादीवर टेंपोतून भुसावळला नेलंत. तिथल्या पाळकांनी काही न विचारता जागा दिली, असं मागाहून कळलं.

आणि गेल्या नोव्हेंबरात मी तुझ्या नावानं लिहिलं, "ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांना मी माफ केलं." १९८५ साली पहिला हात माझा होता. हे मी अण्णांसाठी लिहितो आहे असं मला त्या संध्याकाळी खरोखर वाटत होतं. त्यातलं किती त्यांच्यासाठी होतं हे आता मला सांगता यायचं नाही.

ते २५ फेब्रुवारीला परत आले. माझ्याकडे आले नाहीत. मला जे कळलं ते ठमाबाईकडून. "सून चांगली हाय म्हनं. च्या दिला, पाव दिला. टेशनावर सोडायला आली तवा वाटंत नातीच्या कबरीवर घेऊन गेली. झाडबीड काय नाय तिथं, ऊन लय लागतंय, येवढंच बोलले. बोंबील तसंच परत आनले. पुरचुंडी सुटली पन नाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं काय बिनसलं काय त्यांच्याशी? तुमचं नाव काडलं की उठून दारात जातान."

गुरुवारी मात्र ते सहभागितेला आले. नेहमीच्या खुर्चीवर बसले. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "माझं काही नाही. पुढं चला."

विनायक


पनवेल, ११ सप्टेंबर १९९५

डॅनियल,

दीड वर्ष तुला लिहिलं नाही. तू उत्तर देणार नाहीस हे स्पष्ट होतं आणि माझ्याकडे मागायला तोंड नव्हतं. आज मागतो आहे, कारण अण्णांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत. डॉक्टरांनी चार-सहा महिने सांगितले.

या दीड वर्षात ते एक गुरुवार चुकले नाहीत. पावसात छत्री घेऊन येतात, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवतात आणि आपल्या पाळीला म्हणतात, "माझं काही नाही. पुढं चला." सगळे थोडं हसतात, एस.टी.तला माणूस म्हणून. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नाहीत. मी मिटतो, पण मला कळतं, ते माझ्याकडे पाहत असतात. मंडळीत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी पत्रविभाग सोडतो म्हणालो तर पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्याइतकं चोख काम कोण करणार?" गेल्या वर्षी मीच बत्तीस पिशव्या लावल्या.

गेल्या गुरुवारी बाकीचे तिघं आले नाहीत. आम्ही दोघंच होतो. मी चहा केला. शेवटी मीच म्हणालो, "तुळशीराम, बोल काहीतरी. शिव्या दे."

ते म्हणाले, "पत्र चांगलं होतं."

मी त्यांच्यापुढे बशी सरकवली.

"लय चांगलं होतं. डॅनियलनं लिहिलं असतं तर एवढं चांगलं आलंच नसतं. तिथंच मला कळायला पायजे होतं." चहा बशीत ओतला, प्यायला नाही. "एक सांगतो. गाडीच्या चेसिसला तडा गेला, तर काही मेकॅनिक वरून वेल्डिंग मारून रंग देतात. डेपोतून गाडी झोकात निघते. डेपोत कळतच नाही. घाटात कळतं. आत पन्नास माणसं बसलेली असतात तेव्हा."

"मला तुझं भलं करायचं होतं."

"असंल. हातबी तू भल्यासाठीच वर केला होतास. मीपण." मग पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "तुझ्या पत्राआधी मी दहा वर्षं काढली होती, विनायक. ती जमत होती. आता जमत नाही."

मी तुझ्याकडून परत आलेली त्यांची दोन पत्रं खणातून काढून पुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही. "ठेव तुझ्याकडं. ज्याला लिहिली तो माणूस नव्हताच."

डॅनियल, मी माफी मागत नाही. ती माझ्याकडून एकदा वापरून झाली आहे. तू त्यांना रागाचं पत्र लिही. जे दारात बोलला नाहीस ते सगळं लिही. तुझ्या हातचं असू दे, म्हणजे झालं. नुसती खोट्यापाशी संपलेली गोष्ट घेऊन त्यांना जायला लागू नये.

या कागदाचा खालचा अर्धा भाग मोकळा सोडला आहे. रेघ मारलेली नाही. वेगळा कागद घ्यावासा वाटला नाही तर तिथंच लिहून परत पाठव.

विनायक


पनवेल, ३ मार्च १९९६

डॅनियल,

१८ फेब्रुवारीला पहाटे अण्णा गेले. तार तुला मिळाली असणार, कारण ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत थांबलो. पाळकसाहेब दोनदा घड्याळ पाहून माझ्याकडे आले. मी म्हणालो, कल्याणहून येणारी शेवटची गाडी येऊ दे. ती आली. मग उचललं.

सप्टेंबरात पाठवलेला कागद परत आला नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही, पण जानेवारीपासून टपाल यायच्या वेळी ठमाबाईला खाट दाराकडे ओढायला लावायचे. पोस्टमन पुढच्या घराकडे वळला की म्हणायचे, "घे आत." ती मला म्हणाली, "तुमी दुसरा कागद का नाय आनून देत? पयल्यानं कसे हसले होते!" तिला काय सांगणार? मी नाही म्हणालो. एवढी एक गोष्ट मी केली नाही. ती बरोबर केली की नाही, हे त्यांचा शेवटचा आठवडा पाहिल्यावर मला ठरवता आलं नाही. प्रभुभोजन त्यांनी घेतलं नाही. पाळकसाहेबांना म्हणाले, "पुढं चला."

तुला कळवायचं ते वेगळंच आहे. अण्णांनी पाळकसाहेबांकडे एक बंद लिफाफा दिला होता. तो आम्ही पंचमंडळात उघडला. त्यांच्या हातच्या तीन ओळी होत्या: "शोभाच्या शेजारी मला ठेवू नये. ती जागा रुचिरा डॅनियल आढाव हिच्या नावे राखावी. मला भिंतीकडे चालेल."

एका पंचानं विचारलं, "ही रुचिरा कोण?" आता सगळे नवे लोक आहेत, कुणालाच माहीत नव्हतं. मी उभा राहून सांगितलं. १९८५चंही आणि पत्राचंही. कुणी रागावलं नाही.  मग जागेवर मतदान झालं आणि पाच हात वर गेले. मी पत्रविभागाची वही टेबलावर ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी ती तशीच तिथं होती, कुणी घेतली नव्हती. घरी घेऊन आलो.

अण्णांना भिंतीजवळ ठेवलं. ती बाजू पडीक आहे, गवत फार. तुझ्या आईच्या शेजारची जागा मोकळी आहे. मी चार कोपऱ्यांना दगड लावून घेतले आहेत. वर कडुनिंबाची फांदी येते. अण्णांनी ती जागा सावलीसाठी मागितली असावी असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं आहे. त्यांच्या नावानं आता मी काही लिहिणार नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. नियम चौदाप्रमाणे मयताच्या नावे राखलेली जागा तीन वर्षांत वापरली नाही तर मंडळीकडे परत जाते. हा नियम १९७८ साली मीच लिहिला होता. तो बदलायचा ठराव मी त्याच सभेत मांडला. अनुमोदन मिळालं नाही. कबरस्तानात जागा उरलेली नाही हे खरं आहे. म्हणजे मुदत १८ फेब्रुवारी १९९९पर्यंत आहे.

तू येशील असं मी धरून चाललेलो नाही. तिला तिथून हलवावं की नाही, हेही मला विचारायचा अधिकार नाही. कळवणं माझं काम होतं.

आलास तर कबरस्तानाची किल्ली माझ्याकडे असते. मी नसलो तर ठमाबाईकडे ठेवून जाईन. अर्ज लागणार नाही.

विनायक